दिवस भरण्याआधी कळा: हार्मोनची गोळी कुणाला, कधी आणि कशी

रात्रपाळीत प्रसूती विभागाचा फोन वाजला की पलीकडून बऱ्याचदा हाच प्रश्न येतो. "सिस्टर, पोट सारखं कडक होतंय. ती हार्मोनची गोळी आहे घरात, अजून एक ठेवू का?" माझं उत्तर ठरलेलं असतं: गोळी राहू दे, फाईल घे आणि नीघ.

उत्तर तुटक वाटतं, पण फोनवर त्याहून जास्त बोलण्यात वेळ जातो. म्हणून जे फोनवर सांगता येत नाही ते इथे सावकाश लिहिते. मी लेबर रूममधली परिचारिका आहे. कुणाला कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टर ठरवतात. ते कसं ठेवायचं, कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे समजावणं मात्र बहुतेक वेळा आमच्याकडे येतं, आणि घाईत अर्धंच सांगून होतं.

आधी हे कळू द्या: औषध एक नाही, तीन आहेत

"मला हार्मोनचं इंजेक्शन दिलंय" असं बाई सांगते तेव्हा मी पहिल्यांदा कागद मागते. या एका वाक्यामागे तीन अगदी वेगळी औषधं असू शकतात.

पहिलं प्रोजेस्टेरॉन. गर्भ राहिल्यावर सुरुवातीला ते अंडाशयातून येतं, आणि ७ ते ९ आठवड्यांच्या सुमारास वार ते काम हाती घेते. गर्भाशयाचा स्नायू शांत ठेवणं आणि पिशवीचं, म्हणजे गर्भाशयाचं, तोंड (सर्व्हिक्स) घट्ट ठेवणं हे त्याचं काम. त्याची गोळी, कॅप्सूल, जेल किंवा इंजेक्शन मिळतं. कळा सुरूच होऊ नयेत म्हणून ते आधीपासून द्यायचं असतं.

दुसरं स्टेरॉइड, म्हणजे बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोन. हेही हार्मोनच्याच जातीचं. पण ते प्रसूती एक मिनिटही पुढे ढकलत नाही. ते आईच्या दंडात किंवा कमरेत टोचलं तरी बाळाच्या फुप्फुसांसाठी असतं.

तिसरं अटोसिबान. हे हार्मोन नाही, हार्मोनला अडवणारं औषध आहे. कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनची जागा ते अडवून बसतं. ते शिरेतून, वॉर्डातच देतात.

गोंधळ होतो तो पहिल्या दोनांत. स्टेरॉइडचे डोस पूर्ण झाले की नातेवाईक निश्चिंत होतात, "इंजेक्शन घेतलं ना, आता लवकर नाही होणार." तसं नसतं. ते इंजेक्शन बाळ लवकर आलंच तर त्याला श्वास घेता यावा म्हणून दिलेलं असतं. उलट, प्रोजेस्टेरॉन चालू आहे म्हणून कळांकडे दुर्लक्ष करणाऱ्या बायका मी जास्त पाहिल्या आहेत, आणि मला जास्त काळजी त्यांचीच वाटते.

सुरू झालेल्या कळा प्रोजेस्टेरॉनने का थांबत नाहीत? मेंढीसारख्या कित्येक प्राण्यांत प्रसूतीच्या आधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन धाडकन उतरतं. बाईच्या रक्तात तसं होत नाही. तिथे पातळी जवळपास तशीच राहते, पण गर्भाशयाच्या स्नायूवरचा त्याचा वचक जातो. स्नायूंच्या पेशी एकमेकींशी जोडल्या जातात, ऑक्सिटोसिन पकडणाऱ्या जागा वाढतात आणि सगळा स्नायू एका वेळी आवळायला लागतो. औषध कमी पडलेलं नसतं, त्याचं ऐकणारं कुणी उरलेलं नसतं. अशा वेळी आणखी एक गोळी ठेवून मिळतो तो फक्त खोटा दिलासा, आणि त्या दिलाशात तासभर जातो.

मग ती कुणाला द्यायची

दोन प्रकारच्या बायकांना डॉक्टर प्रोजेस्टेरॉन सुचवतात. एक, जिची आधीची प्रसूती आपोआप कळा येऊन किंवा पाणी जाऊन वेळेआधी झाली आहे. दुसरी, जिच्या पिशवीच्या तोंडाची लांबी सोनोग्राफीत कमी भरली आहे. दोन्ही गोष्टी असतील तर कारण आणखी पक्कं.

ही लांबी पोटावरून नीट मोजता येत नाही. योनीमार्गातून करायची सोनोग्राफी लागते, तीही लघवी करून आल्यावर. मूत्राशय भरलेलं असेल तर तोंड खोटंच लांब दिसतं. साधारण १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान २५ मिलिमीटरच्या आत लांबी आली तर ती कमी समजतात. रिपोर्ट हातात आला की हा आकडा शोधा. "सर्व्हिक्स नॉर्मल" एवढंच लिहिलं असेल, तर किती मिलिमीटर आणि कोणत्या मार्गाने मोजली, हे विचारायला लाजू नका.

फायदा किती? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड तोंड असलेल्या बायकांना रोज रात्री २०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन योनीमार्गातून दिलं. ३४ आठवड्यांच्या आत प्रसूती होणाऱ्या बायका शंभरातल्या ३४ वरून १९ वर आल्या. २०११ साली १० ते २० मिलिमीटर तोंड असलेल्या बायकांत ९० मिलिग्रॅमचं जेल वापरून पाहिलं, तेव्हा ३३ आठवड्यांच्या आतल्या प्रसूती १६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आल्या. २०१६ च्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत मात्र ठळक फरक दिसला नाही, आणि त्यावरून बरीच वादावादी झाली. मग २०२१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ३१ चाचण्यांतल्या बायकांची माहिती एकत्र मांडली गेली. एकच गर्भ आणि जास्त धोका असलेल्या बायकांत योनीमार्गातलं प्रोजेस्टेरॉन ३४ आठवड्यांच्या आतल्या प्रसूती कमी करतं, असं त्यातून निघालं. सगळ्यांना उपयोग होतो असं नाही, पण योग्य बाईला देण्याजोगं औषध नक्की आहे.

जुळं आहे एवढ्याच कारणाने प्रोजेस्टेरॉन घेऊन फायदा दिसलेला नाही. जुळं आणि तोंडही आखूड, असं असेल तर तो निर्णय डॉक्टरांसमोर बसून घ्यायचा. आधीची वेळेआधीची प्रसूती आणि आताचं आखूड तोंड असं दोन्ही असेल, तर पिशवीच्या तोंडाला घालायच्या टाक्याचाही विचार होतो. डॉ. वि. ना. शिरोडकरांनी १९५५ साली मांडलेला टाका आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. टाका की गोळी, हा प्रश्न विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

गोळी ठेवायची कशी

इथे जरा थांबते, कारण लाजेमुळे सगळ्यात कमी विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकणारा भाग हाच आहे.

आधी चिठ्ठी वाचा. काही कॅप्सूल तोंडाने घ्यायच्या म्हणूनही लिहितात आणि योनीमार्गात ठेवायच्या म्हणूनही, दिसायला अगदी एकसारख्या. चिठ्ठीवर मार्ग लिहिलेला नसेल तर औषधवाल्याच्या अंदाजावर जाऊ नका, डॉक्टरांकडून लिहून घ्या. तोंडाने घेतलेलं प्रोजेस्टेरॉन यकृतातून जाताना बरंचसं बदलतं, आणि त्यातूनच झोप आणणारा पदार्थ तयार होतो. म्हणून तोंडाने घेणारीला गुंगी, चक्कर जास्त जाणवते. योनीमार्गातून दिलेलं थेट गर्भाशयाजवळ पोचतं आणि डोकं जड होत नाही.

वेळ रात्री झोपण्याआधीची. लघवीला जाऊन या. हात साबणाने धुवा, नखं कापलेली असू द्या. पाठीवर पडा, गुडघे वर घ्या. गोळी दोन बोटांत धरून आत सोडा आणि मग एका बोटाने सरकवा, दिशा कमरेच्या मणक्याकडे, सरळ वर नाही. बोट सहज जाईल तेवढंच पुरे. पुढे काही कडक, नाकाच्या शेंड्यासारखं लागलं तर ते पिशवीचं तोंड. दचकू नका, तिथे ढकलत बसू नका, बोट बाहेर काढा. जोर लावायचा नाही. गोळी कोरडी लागत असेल तर स्वच्छ पाण्याने किंचित ओली करा. तेल, क्रीम नको. जेल असेल तर त्याच्यासोबत नळी येते, ती कशी वापरायची ते पाकिटातल्या कागदावर चित्रासकट असतं. एकदा नर्ससमोर करून पाहिलेलं बरं.

ठेवल्यावर उठून घरभर फिरू नका, तसंच झोपा. पॅड लावा, टॅम्पॉन नको. बुरशीसाठी योनीमार्गात लावायचं क्रीम चालू असेल तर ते आणि ही गोळी एकत्र चालेल का, हे आधी विचारा. राहून गेली तर आठवल्यावर ठेवा, पण दुसऱ्या दिवशी दोन नाहीत.

सकाळी पॅडवर पांढरट, तेलकट, कधी दाण्यादाण्याचं काहीतरी दिसेल. गोळी विरघळून उरलेला तो भाग असतो. "सगळं औषध बाहेर आलं" म्हणून दुसरी गोळी ठेवणाऱ्या बायका भेटतात. तसं करू नका, शोषलं जायचं ते रात्रीत शोषलं गेलेलं असतं.

याच स्रावामुळे एक खरी अडचण होते. पाणी गेलं की गोळीचं आलं, हे कळत नाही. तेव्हा कोरडा पांढरा पॅड लावा, अर्धा-पाऊण तास पडून राहा आणि मग उभ्या राहा. गर्भजल पातळ असतं, पॅडमध्ये जिरतं, उठताना किंवा खोकताना पुन्हा येतं. गोळीचं घट्ट असतं, वरवर राहतं. पॅड भिजलेला वाटला, रंग हिरवट, पिवळट किंवा लालसर वाटला, किंवा नुसती शंका जरी राहिली, तर पुढची गोळी न ठेवता दवाखान्यात या. पॅड फेकू नका, पिशवीत घालून आणा. आम्हाला त्याची किळस येत नाही, आम्हाला त्यातून माहिती मिळते.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी: पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होऊन गेलेली असणं, यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग, कारण न कळलेला रक्तस्राव. शेंगदाणा किंवा सोयाबीनची ॲलर्जी असेल तर तीही, कारण काही कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल किंवा सोयाचा अंश असतो.

आठवड्याच्या इंजेक्शनबद्दल

आधीच्या गरोदरपणात दर आठवड्याला कमरेत तेलकट इंजेक्शन घेतलेल्या बायका विचारतात, "या वेळी ते का नाही?" ते हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट, २५० मिलिग्रॅम. २००३ सालच्या अमेरिकी चाचणीत त्याने वेळेआधीच्या प्रसूती ५५ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर आणल्या होत्या आणि २०११ मध्ये तिथे त्याला घाईने मंजुरी मिळाली. अट अशी की दुसरी मोठी चाचणी करून खातरजमा करायची. ती १,७०० हून जास्त बायकांत झाली आणि फायदा दिसला नाही. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मंजुरी मागे घेतली, आणि २०२४ मध्ये युरोपच्या नियामकांनीही ते थांबवायला सांगितलं. डॉक्टरांनी औषध बदललं तर ते चुकवाचुकवी करतायत असं समजू नका.

हार्मोन म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत तर मला अजिबात मान्य नाही. १९३८ साली डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन तयार झालं आणि पुढे गर्भपात आणि लवकरची प्रसूती टाळायला सर्रास दिलं गेलं. १९५३ साली शिकागोच्या चाचणीत त्याचा उपयोग नाही हे दिसलं, तरी देणं चालूच राहिलं. १९७१ साली कळलं की ज्या आयांनी ते घेतलं त्यांच्या मुलींना तरुण वयात योनीचा एक दुर्मीळ कर्करोग होतोय. आजचं प्रोजेस्टेरॉन म्हणजे ते नव्हे, दोन्हीची तुलनाच नाही. पण "घेऊन तर बघू, हार्मोनच आहे" म्हणत शेजारणीची उरलेली गोळी घेणाऱ्यांनी हे ऐकावं.

कळा आल्या, आता काय

३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत हे सगळं लागू. पोट अधूनमधून कडक होणं सरावाचंही असतं. ते अनियमित असतं, कूस बदलली, लघवी केली, पाणी प्यायलं की ओसरतं. खऱ्या कळा वेळ पाळतात. त्या पोटातच येतात असंही नाही. कंबर मागून दाबल्यासारखी दुखणं, पाळीसारखं ओटीपोटात पिळणं, खाली जड होऊन काही उतरतंय असं वाटणं, हेही तेच.

मोजायच्या अशा. डाव्या कुशीवर पडा, हाताचे पंजे बेंबीच्या वर सपाट ठेवा. पोट बोटाने दबेनासं झालं की कळ सुरू. एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ कागदावर लिहा. घड्याळ नवऱ्याकडे द्या, त्यालाही काहीतरी काम हवं असतं. तासाभरात सहा किंवा जास्त कळा, किंवा दर दहा मिनिटांनी एक, एवढं दिसलं की निघायचं.

हा एक तास फक्त शंका असेल तरच. पाणी गेलं, रक्त दिसलं, ताप आहे, बाळाची हालचाल कमी झाली, खाली सतत दाब येतोय, किंवा आधीचं बाळ असंच लवकर झालंय, तर मोजत बसायचं नाही.

निघताना फाईल, शेवटची सोनोग्राफी, रक्तगट, चालू औषधांची चिठ्ठी. नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय कोणतं, हे दिवस शांत असतानाच ठरवून ठेवा. कमी दिवसांच्या बाळाला जन्मानंतर गाडीतून हलवण्यापेक्षा आईच्या पोटात असतानाच तिथे पोचवणं त्याच्या हिताचं.

दारातच हे बोला: किती आठवडे झालेत, कळा किती वाजता सुरू झाल्या, पाणी-रक्त आहे का, आधीची प्रसूती कधी झाली, प्रोजेस्टेरॉनची शेवटची गोळी कधी ठेवली. आणखी एक, जे सासूसमोर सांगवत नाही: गेल्या २४ तासांत संबंध आला का. फायब्रोनेक्टिन नावाची एक तपासणी असते, बाळाच्या पिशवीला आतून चिकटवून ठेवणारा पदार्थ योनीत उतरलाय का ते बघणारी. नुकता संबंध आला असेल किंवा रक्त जात असेल तर तिचा निकाल फसवा येतो. सिस्टरला बाजूला घेऊन सांगा.

वॉर्डात काय होतं

आधी बघतात की कळा खऱ्या आहेत का. पोटाला पट्टा, बाळाचे ठोके, यंत्राने तोंड बघणं, सोनोग्राफीत लांबी, लघवीची तपासणी. मूत्रमार्गाचा संसर्ग हे कळांचं नेहमीचं आणि बरं होणारं कारण आहे. पाणी गेलं असेल तर बोटाने पुन्हा पुन्हा तपासत नाहीत, संसर्ग वाढतो म्हणून. फायब्रोनेक्टिन नसणं किंवा तोंड भरपूर लांब असणं ही चांगली बातमी, तुम्ही बहुधा घरी जाल.

खऱ्या असतील तर ध्येय छोटं असतं: ४८ तास. नातेवाईकांना हे पटत नाही, "दोनच दिवस?" हो, दोनच, आणि ते मिळाले तरी आमच्या हाताला पुष्कळ काम होतं.

पहिलं काम स्टेरॉइड. बीटामेथासोन १२ मिलिग्रॅम २४ तासांच्या अंतराने दोनदा, किंवा डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम दर १२ तासांनी चार वेळा. न्यूझीलंडचे डॉक्टर लिगिन्स मेंढ्यांत प्रसूती कशी सुरू होते ते शोधत होते. जी कोकरं जगतील अशी आशाच नव्हती ती स्टेरॉइड मिळाल्यामुळे श्वास घेताना त्यांना दिसली. १९७२ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी हॉवी यांनी बायकांमधली चाचणी प्रसिद्ध केली, आणि आज आम्ही जे टोचतो ते तिथून आलंय. पहिल्या डोसनंतर २४ तास ते ७ दिवस हा त्याचा सगळ्यात चांगला काळ. मधुमेह असेल तर साखर चढते, म्हणून बोटाला सुया वाढतील. बाळाची हालचाल एक-दोन दिवस मंदावू शकते. औषधामुळे असेल म्हणून मनातच ठेवू नका, आम्हाला सांगा, ठोके बघायला वेळ लागत नाही.

दुसरं, कळा मंद करणारं औषध. बहुतेक ठिकाणी निफेडिपिन. मुळात रक्तदाबाचं औषध, त्यामुळे चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, उठताना गरगरतं. एकटीने बाथरूमला जाऊ नका. गोळी जशी दिली तशीच गिळा, चावू नका. कुठे अटोसिबान, ३२ आठवड्यांच्या आत कधी इंडोमेथासिन, तेही दोन दिवसांपुरतंच, कारण पुढे ते बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी अवेळी आखडवू शकतं. एके काळी शिरेतून दारू देऊन कळा थांबवत, हे मी नव्या मुलींना सांगते तेव्हा त्यांना खोटं वाटतं. १९६० आणि ७० च्या दशकांत ते खरंच चालायचं.

तिसरं मॅग्नेशियम सल्फेट, ३२ आठवड्यांच्या आत प्रसूती समोर दिसत असेल तेव्हा बाळाच्या मेंदूसाठी. साधारण ४ ग्रॅम आधी सावकाश, मग तासाला १ ग्रॅम. अंग तापल्यासारखं, जड वाटतं. आम्ही सारखं गुडघ्यावर ठोकून बघतो, श्वास मोजतो, लघवी मोजतो. त्रास द्यायला नाही, औषध जास्त होत नाहीये ना ते कळायला.

या सगळ्यात प्रोजेस्टेरॉन कुठे आहे? नाही. हे वाचून विचाराल तर चालेल: "कळा थांबवायला काय देताय, स्टेरॉइड कधी, मॅग्नेशियम लागेल का, बाळाचे डॉक्टर येऊन बोलतील का?" उत्तरात फक्त प्रोजेस्टेरॉन आलं आणि आठवडे ३४ च्या आतले असतील, तर स्टेरॉइडचं पुन्हा एकदा विचारा.

कधी कधी डॉक्टर कळा थांबवतच नाहीत. पिशवीत संसर्ग, वार सुटणं, रक्तदाबाचा जोरदार त्रास, बाळाचे ठोके बिघडणं, यांत बाळ आत ठेवणं जास्त धोक्याचं. ३४ आठवड्यांच्या पुढेही सहसा थांबवत नाहीत. आणि "सातमाशी जगतं, अठमाशी जगत नाही" असं कुणी दाराशी म्हणालं तर त्यांना बाहेर बसवा. प्राचीन ग्रीक वैद्यांच्या लिखाणातही ही समजूत आहे, म्हणजे ती जुनी आहे इतकंच. आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा जास्त तयार असतं.

कळा थांबल्या, घरी सोडलं

वेळेआधीच्या कळांचं निदान झालेल्या दहा जणींत सरासरी एकीपेक्षाही कमी जणींची प्रसूती पुढच्या सात दिवसांत होते. कितीतरी जणींच्या कळा आपोआप विरतात. त्या रात्री जे औषध चालू असेल त्याला श्रेय मिळतं, आणि मग "आमच्या वहिनीच्या कळा त्या गोळीने थांबल्या" हे घराघरांत पिढीजात होतं. त्यासाठीच चाचणीत एका गटाला औषध आणि दुसऱ्याला बिनऔषधाची गोळी देतात. २०१५ साली स्वित्झर्लंड आणि अर्जेंटिनात नेमकं हे केलं. कळा येऊन दाखल झालेल्या बायकांना रोज २०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन दिलं, आणि वेळेआधीच्या प्रसूती कमी झाल्या नाहीत.

तरीही डॉक्टर घरी जाताना प्रोजेस्टेरॉन लिहून देऊ शकतात. तुमचं तोंड आखूड असेल किंवा ते आधीपासून चालू असेल तर त्याला अर्थ आहे. विचारायचा प्रश्न एवढाच: "हे माझ्या तोंडाच्या लांबीसाठी आहे की कालच्या कळांसाठी?" कळा रोखण्याच्या टर्ब्युटालिनसारख्या गोळ्या आठवडेच्या आठवडे घरी घ्यायला दिल्या तर मात्र दुसरं मत घ्या. २०११ मध्येच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आईच्या हृदयावरच्या धोक्यामुळे तिच्या लांबलेल्या वापराविरुद्ध इशारा दिला आहे.

पूर्ण बिछान्याला खिळवून ठेवण्याने प्रसूती लांबत नाही, पायात रक्ताच्या गाठी मात्र होतात, स्नायू सुकतात. घरात फिरा, बसा, अंघोळ स्वतः करा. ओझी उचलू नका, संबंधांबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा. लघवीच्या संसर्गाचं औषध दिलं असेल तर जळजळ थांबली म्हणून मध्येच सोडू नका. कळा परत आल्या तर परत या, "मागच्या वेळी उगाच गेलो" असं मनात आणू नका. उगाच आलेल्या बाईला घरी पाठवायला आम्हाला आवडतं.

योनीमार्गातली गोळी साधारण ३४ ते ३६ आठवड्यांपर्यंत, डॉक्टर सांगतील त्या तारखेपर्यंत ठेवायची. ती एकदम बंद करतात, हळूहळू कमी करावी लागत नाही. बंद केल्यावर त्याच रात्री कळा येतील या भीतीने पुढे चालू ठेवू नका.

घरी जाताना मिळणाऱ्या कार्डावर चार गोष्टी लिहिल्या आहेत का बघा: किती आठवड्यांना कळा आल्या, आधी कळा की आधी पाणी, तोंडाची लांबी किती मिलिमीटर, आणि स्टेरॉइडचे डोस कोणत्या तारखांना. पुढच्या गरोदरपणात पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हे कार्ड दाखवायचं आहे, म्हणजे लांबी वेळेत मोजता येते. लिहिलेलं नसेल तर वॉर्ड सोडण्याआधी सिस्टरकडून लिहून घ्या.